चारबागेच्या कामाच्या नोंदी: आधी पाणी, मग झाडं

२८ ऑक्टोबर २०२३, कोजागिरी

आज जुन्या बागेच्या दुरुस्तीचा नारळ फोडला. जागा छत्रपती संभाजीनगरातल्या एका जुन्या पुऱ्यातली, साधारण दीड एकर. चारबाग, म्हणजे वाटांनी चार चौकांत विभागलेली बाग: मधोमध अष्टकोनी हौद, वायव्येच्या कोपऱ्यात पाण्याचा बंबा (नळीतलं पाणी वर चढवून पुढे सोडणारा उंच खांब) आणि त्याच्या डोक्यावर वाढलेला पिंपळ. एका भिंतीलगतच्या अतिक्रमणाचा दावा न्यायालयात चालू आहे, म्हणून बागेचं नाव लिहीत नाही. देखभाल करणाऱ्या कुटुंबाने लेखी परवानगी दिली आहे. ही बाग संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही. तुमची जागा यादीत असेल तर पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय कुदळ लावू नका. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र असतं आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. आम्ही नकाशावर आधी ते अंतर मोजलं, मगच पुढे सरकलो.

माझी रोपवाटिका आहे. वीस वर्षं झाडांत गेली. त्यामुळे बाग म्हटलं की मला आधी झाडंच दिसतात. पुढचं वर्षभर वाया गेलं ते त्यामुळेच, हे आता मागे वळून लिहिताना कळतं. तुमचं तरी जाऊ नये म्हणून सगळं लिहिते आहे.

१९ नोव्हेंबर २०२३

वेडी बाभूळ, गाजरगवत, घाणेरी काढायला पंधरा दिवस लागले. राडारोडा अकरा ट्रॉल्या निघाला. त्यात फुटक्या फरशा, बाटल्या, मंडपवाल्यांचे खिळे आणि कुणीतरी आणून टाकलेलं अख्खं न्हाणीघर. आज क्रिकेटचा अंतिम सामना होता. दुपारी बारालाच गडी हात धुऊन गेले आणि रात्री कुणाच्या तोंडातून शब्द निघेना. मी एकटीच राहिले आणि हौदाच्या कडेची माती खुरप्याने काढत बसले. खाली चपट्या, हातभर लांबीच्याही नसलेल्या विटा लागल्या. दोन विटांच्या मधला चुना विटेइतकाच जाड होता आणि अजून नखाने निघत नव्हता.

तेव्हा हात थांबवून विचार करायला हवा होता. केला नाही.

८ डिसेंबर २०२३

दोन कामं एकदम उरकली, आणि दोन्ही चुकली. हे मी आत्ता, नंतर लिहिते आहे. त्या दिवशीच्या वहीत मात्र "काम छान झालं" असंच आहे.

पहिलं काम मातीचं. चौक वाटांपेक्षा खोल होते. मला वाटलं, माती वाहून गेली असणार. म्हणून काळी माती मागवून चौक वाटांच्या पातळीला भरून घेतले. ३४ ट्रॉल्या, १,४०० रुपये ट्रॉली, एकूण ४७,६०० रुपये.

दुसरं काम सिमेंटचं. हौदाच्या पूर्वेला दगडी नाली होती, दीड फूट रुंद, जागोजाग फुटलेली. ती पावसाच्या पाण्याची मोरी समजून सिमेंटने लिंपली. साहित्य-मजुरी मिळून २६,५०० रुपये. मिस्त्री जालन्याकडचे, वय साठीच्या पुढे. ते म्हणाले होते, "ताई, कामून घाई करता? ह्याला आधी चुना व्हता." मी म्हटलं, चुना आता कोण मळणार?

फेब्रुवारी ते मे २०२४

पाऊस कमी झालेलं वर्ष. शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, त्यात बागेला कोण देणार. काम बंद. विहिरीतला गाळ तेवढा काढून घेतला: सात फूट गाळ, बारा दिवस, तीन माणसं आणि क्रेन. मेअखेरीस तळाला हातभर पाणी होतं आणि ते गोड होतं.

७ जुलै २०२४

लागवड. १८० रोपं: डाळिंब, मोसंबी, मोगरा, बकुळ, पारिजातक. सगळी माझ्याच रोपवाटिकेतली, किंमत धरली तर १४,००० रुपये. पुऱ्यातल्या बायका हळदीकुंकू घेऊन आल्या. फोटो सुरेख आले.

४ सप्टेंबर २०२४

पोळ्याच्या आदल्या दिवसापासून पाऊस ओतत होता. परभणी-हिंगोलीकडे तर गावंच्या गावं पाण्यात गेली, तिथल्या लोकांच्या नुकसानीपुढे माझं काहीच नाही. पण नोंद करायची म्हणून करते.

काळी माती पाणी पिऊन फुगली आणि वाटांच्या कडेचे दगड तिने बाहेर ढकलले. दक्षिणेच्या वाटेचा साठेक फूट काठ सरळ कलंडला. चौकांतलं पाणी हटेना. तीन दिवसांनी मोगऱ्याचं एक रोप हाताने ओढलं तर सहज हातात आलं, आणि मुळांची साल ओल्या कागदासारखी बोटांना चिकटली. १८० पैकी ३१ रोपं वाचली, तीही वाटेच्या उंचवट्याला लागून होती म्हणून. सिमेंटने लिंपलेल्या नालीत पाणी उलटं, हौदाकडे वाहत होतं.

घरी येऊन दोन दिवस बागेकडे फिरकले नाही.

२२ सप्टेंबर २०२४

देखभाल करणाऱ्या घरातले चाचा पंच्याऐंशीच्या घरात आहेत. आजवर खाटेवरून बघायचे, बोलायचे नाहीत. आज काठी टेकत नालीपर्यंत आले, सिमेंटवर काठी आपटली आणि म्हणाले, "बेटी, वो मोरी नै, नहर है. पानी इधर से उधर जाता था. तुमने उल्टा कर दिया."

मग त्यांनीच सांगितलं की ते लहान असताना चौकांत उतरायला दोन पायऱ्या होत्या. म्हणजे चौक खोल झाले नव्हते, मुळातच खोल होते. चारबागेत वाट उंच आणि वाफा खाली असतो. नहरेच्या काठचा दगडी बूच काढला की पाणी आपोआप चौकात पसरतं. वाटेवरून चालणाऱ्याला डाळिंबाची फुलं कमरेच्या उंचीला दिसतात, फांद्या तोंडावर येत नाहीत. ही रीत चाचांना तोंडपाठ होती. मी अकरा महिने त्यांना एक शब्द विचारला नव्हता.

संध्याकाळी ईशान्येच्या चौकात एक खड्डा घेतला. वाटेच्या दगडापासून दोन फूट एक इंचावर मातीचा रंग बदलला. वर आमची काळी, खाली भुरकट, मुरमाड, खापरांचे तुकडे असलेली. त्या थरात विटांनी बांधलेलं एक गोल आळं निघालं. आंब्याचं असावं असं चाचा म्हणाले.

ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४

उलटा प्रवास. माती बाहेर काढायला ३१,००० रुपये. सिमेंट उखडायला १८,०००. यंत्र लावलं नाही, छिन्नी-हातोडीनेच काढलं. तरी मिस्त्री म्हणाले तेच झालं: "शिमिट काढायचं म्हणलं तर दगड बी निघंल." सिमेंटने जुन्या विटांना इतकं घट्ट धरलं होतं की ते निघताना विटेचा पापुद्रा घेऊनच निघालं. एका पावसाळ्यातच सिमेंटमागची वीट ओली राहून भुसभुशीत झाली होती आणि तिच्यावर पांढरा क्षार फुटला होता. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट आत कोंडतं. जुन्या विटबांधणीवर सिमेंट लावू नका, एवढंच सांगते.

आजवरच्या चुकांचा हिशेब: माती आणली आणि काढली, सिमेंट लावलं आणि काढलं, रोपं गेली, सगळं मिळून १,३७,१०० रुपये. यातले ९०,००० वर्गणीचे होते. बैठक घेऊन देणगीदारांना हिशेब वाचून दाखवला. दोघांनी पुढचे पैसे थांबवले, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

१२ जानेवारी २०२५

कागद. चाचांच्या घरी निजामकाळच्या मुंतखबाची, म्हणजे इनामाच्या हक्काच्या दाखल्याची, नक्कल होती. एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी वाचून दिली. त्यात विहीर एक, आंब्याची झाडं आणि नहरेच्या पाण्याच्या आठवड्यातून दोन पाळ्या असं लिहिलेलं. झाडांची जात लिहिलेली नाही, पाण्याच्या पाळ्या मात्र नेमक्या. ज्यांनी बाग सांभाळली त्यांना किंमत कशाची होती ते यावरून कळतं.

हे शहरच मुळात पाण्याच्या अकलेवर उभं आहे. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली आणि त्यानंतर काही वर्षांतच नहर-ए-अंबरी खोदून घेतली. उत्तरेच्या डोंगरांत झिरपणारं पाणी भुयारी नहरेत गोळा करायचं, उताराने शहरापर्यंत आणायचं आणि पुढे खापराच्या नळ्यांतून पुऱ्यापुऱ्यांत वाटायचं. ना मोट, ना रहाट. वाटेत बंबे: नळीतून पाणी बंब्यात वर चढतं, डोक्यावरच्या उघड्या कुंडीत येतं, तिथे अडकलेली हवा सुटते, दाब कमी होतो आणि पाणी पुन्हा खाली उतरून पुढे जातं. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून इथे आला, शहराला औरंगाबाद नाव मिळालं, पुरे वाढले, बागा वाढल्या. पाणचक्की बघायला जाणारे चक्की बघून परततात. तिथे खरं बघायचं ते भिंतीवरून हौदात पडणारं पाणी, कारण ते पंपाशिवाय त्या उंचीला आलेलं असतं. १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली. नहर त्यानंतरही वाहत राहिली. ती तुटली ती रस्ते आणि पाये खणताना, आपल्या काळात.

मिस्त्रींना घेऊन बिबी का मकबऱ्यात गेले. तिथे त्यांना घुमटाकडे बघू दिलं नाही, फक्त वाट, वाफा आणि पाण्याची जागा दाखवली. पण प्रवेशद्वाराच्या पितळी पत्र्यापाशी ते थांबलेच. त्यावर अताउल्ला आणि हंसपत राय ही बांधणाऱ्यांची नावं आहेत असं सांगितलं, तर म्हणाले, "मंग बरं. नाव राह्यलं."

२ फेब्रुवारी २०२५

पाण्याची पारदर्शक नळी घेऊन सगळ्या पातळ्या मोजल्या. यंत्र भाड्याने आणलं नाही, पन्नास फूट नळी २५० रुपयांत मिळते. पूर्वेची नहर १५० फूट लांब आणि तिचा उतार नऊ इंच, म्हणजे १०० फुटाला सहा इंच. इतका मंद उतार डोळ्याला दिसत नाही. सिमेंटचा थर मध्येच इंचभर जाड बसला की तेवढ्या पट्ट्यात पाणी मागे वळतं. आमचं तेच झालं होतं. मोजमाप एका दिवसाचं काम आहे. ते पहिल्याच दिवशी करा.

मार्च ते मे २०२५: चुन्याचे तीन घाणे

पहिला घाणा, म्हणजे मळलेल्या चुन्याची पहिली खेप. दुकानातला पुडीचा चुना आणला, भिंती रंगवायचा असतो तो. वीस दिवसांनी गिलावा बोटाने पीठासारखा निघाला. तो चुना आधीच हवा खाऊन मेलेला असतो.

दुसरा घाणा. कळीचा चुना (न विझवलेले चुन्याचे खडे) आणला आणि पाण्यात विझवला. सुरखीसाठी, म्हणजे चुन्यात घालायच्या विटेच्या भुकटीसाठी, वीटभट्टीवरून स्वस्तात मिळाल्या म्हणून झामा विटा दळून आणल्या. जास्त भाजलेल्या विटेची सुरखी चुन्याला धरत नाही. मिस्त्रींनी चिमूट तोंडात टाकून थुंकली आणि म्हणाले, "ही मेलेली हाये." तरी वाया नको म्हणून एक पट्टा लावला. धरला नाही.

तिसरा घाणा बरोबर होता: तीन आठवडे पाण्यात मुरवलेला चुना, मऊ भाजलेल्या विटेची सुरखी, नदीची वाळू, तिन्ही सारखे. त्यात बेलफळाचा गर, गूळ आणि हिरड्याचं पाणी. बैलाची घाणी मिळणार कुठून, म्हणून दगडी चाकांचं छोटं यंत्र भाड्याने आणलं. पण लावला १४ मेला. ऐन उन्हाळा. सकाळी लावलेल्या गिलाव्याला संध्याकाळी नखाएवढ्या भेगा होत्या. चुना हळूहळू घट्ट होतो, त्याला ओल लागते आणि सावली लागते. मराठवाड्यात मार्च ते जून चुन्याचं काम करू नका. मिस्त्री नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. वर्गणीदारांना काहीतरी दाखवायचं होतं.

९ जून २०२५

अपघात. नव्या गड्याने कळीच्या ढिगावर वरून बादली ओतली. चुना उसळला, माझ्या डाव्या हातावर आणि त्याच्या गालावर उडाला. डोळा थोडक्यात वाचला. वीस मिनिटं वाहतं पाणी, मग दवाखाना. त्याची आठ दिवसांची मजुरी आणि औषधं आम्ही दिली. नियम भिंतीवर लिहिला: कळी पाण्यात टाकायची, कळीवर पाणी ओतायचं नाही. आणि चष्मा घातल्याशिवाय टाकीजवळ कुणी जायचं नाही.

ऑगस्ट २०२५

खापराच्या नळ्या. बंब्यापासून हौदापर्यंतच्या जुन्या नळ्यांपैकी निम्म्या शाबूत निघाल्या. एकीचं तोंड दुसरीत बसतं आणि भोवती चुन्याचं जाड कवच. नव्या ६० नळ्या कुंभारदादांकडून घडवून घेतल्या. १४ भट्टीतच तडकल्या, ९ मधून पाणी झिरपलं. दुसऱ्या भट्टीत आच जास्त दिली तेव्हा जमलं. प्रत्येक नळी एका तोंडाला फडकं बांधून रात्रभर पाण्याने भरून ठेवायची, सकाळी बाहेरून कोरडी असेल तरच घ्यायची. सांध्याला मिस्त्रींनी चुना, जवसाचं तेल आणि पिंजलेला कापूस एकत्र कुटला, खलबत्त्यात, दोन तास. कणकेसारखा लगदा झाला. तो हाताला चिकटेनासा झाला की तयार.

सप्टेंबर २०२५

पुन्हा अतिवृष्टी. बीड, धाराशिवच्या बातम्या बघवत नव्हत्या. दोन गडी गावी शेत सावरायला गेले. काम बंद ठेवलं. चौकांत पाणी साठलं ते मात्र दोन दिवसांत मुरलं, एकही काठ हलला नाही.

९ नोव्हेंबर २०२५

दिवाळी उरकून नहरेचा गिलावा सुरू केला. वर हिरवी जाळी, गिलाव्यावर ओली पोती, दिवसातून तीनदा पाणी. पुऱ्यातल्या दोन मावश्यांना तेवढंच काम दिलं, ४०० रुपये रोज. पोतं सुकलं की त्या मिस्त्रींनाच रागवायच्या. शेवटचा हात गोल गारगोटीने घोटून दिला, तासन् तास, चुन्यावर पाण्याचा घाम येईपर्यंत. नहरेच्या काठाखाली, बघणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी, मिस्त्रींनी ओल्या चुन्यात अंगठा उमटवला. मला वाटतं त्यांना मी पाहिलं हे कळलं नाही.

१४ डिसेंबर २०२५

नहरेचं मूळ पाणी आता इथवर येत नाही. म्हणून विहिरीतून एक अश्वशक्तीच्या पंपाने पाणी बंब्याच्या कुंडीत चढवलं, तिथून पुढे जुन्या रीतीनेच खाली. कारंजं फूटभर उडालं, मग उचकी दिल्यासारखं थांबलं, पुन्हा उडालं. नळ्या उकराव्या लागणार या धास्तीने रात्र गेली.

सकाळी मिस्त्री शिडी लावून वर चढले आणि हसले. कबुतरं पडू नयेत म्हणून कुंडीवर मीच शहाबादी फरशी चुन्यात घट्ट बसवून घेतली होती. हवेला वाटच नव्हती. फरशी काढली, तांब्याची जाळी बसवली. कारंजं तीन फुटांवर स्थिर झालं. बंब्याच्या कुंडीची उंची १४ फूट असूनही एवढंच, कारण बाकीचा दाब नळ्यांत जिरतो. मला ते पुरेसं आहे.

पिंपळाबद्दल खूप जण विचारतात. खोड छाटलं आहे, मुळं उपटली नाहीत. बंब्याचा वरचा भाग त्याच मुळांनी धरून ठेवला आहे. फुटवे दर महिन्याला खुडायचे आणि मूळ कुजेल तशी त्या पोकळीत चुन्याची पातळ लापशी ओतायची. याला तीनेक वर्षं लागतील असा मिस्त्रींचा अंदाज आहे.

१८ जानेवारी २०२६

लागवड, दुसऱ्यांदा. या वेळी हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्रात जाऊन अंतर आणि आळ्यांबद्दल विचारून आले, आंब्याची कलमं तिथूनच घेतली. ईशान्येच्या चौकातल्या त्या जुन्या गोल आळ्यात एक लावलं. तीन चौक मिळून फक्त ६४ झाडं. चौथा चौक मोकळा आहे, कारण त्याच्याखालच्या नळ्या अजून तपासायच्या आहेत.

दुपारी चार वाजता पहिला बूच काढला. पाणी नहरेतून चौकात उतरलं आणि आळ्याआळ्याने पुढे गेलं. दक्षिणेच्या टोकाच्या डाळिंबापर्यंत पोचायला त्याला ३५ मिनिटं लागली. चाचांची खाट आम्ही उचलून वाटेवर आणून ठेवली होती. त्यांनी बूच परत लावायला सांगितलं, "बस, इतना काफी है, कल नै, परसों देना." आता तसंच चालू आहे. एका दिवसाआड, चार वाजता.